कासवाच्या डोळ्यांचे थेंब: दुकानातली बाटली घ्यावी का?

जळगाव असो, भुसावळ असो की धुळे, अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात माशांच्या खाद्याच्या डब्यांशेजारी एक छोटी बाटली हमखास असते: टर्टल आय ड्रॉप्स. कासवाचे डोळे सुजलेत म्हटलं की दुकानदार आधी तीच हातात देतो. कंपन्या वेगळ्या, टोपणाचे रंग वेगळे, पण लेबल नीट वाचलं तर आतला माल साधारण दोनच प्रकारचा निघतो. एक म्हणजे मिठाचं पाणी, त्यात कधी बोरिक अ‍ॅसिड. दुसरा म्हणजे जीवनसत्त्व अ घातलेलं पाणी, कधी त्यासोबत बी-१२. काही बाटल्यांवर घटकच छापलेले नसतात. त्या फुकट मिळाल्या तरी नकोत.

या थेंबांना पाचपैकी दोन गुण. तेही डोळा धुण्यापुरते.

हे थेंब मुळात पाण्यातल्या कासवांसाठी, म्हणजे घरोघरी टाकीत दिसणाऱ्या रेड इअर्ड स्लायडरसाठी काढलेले असतात. सल्काटा किंवा रेड फुटेडसारख्या जमिनीवरच्या कासवालाही दुकानदार तेच देतो. जमिनीवरच्या कासवाच्या डोळ्याला पहिला त्रास होतो तो कोरड्या हवेचा आणि धुळीचा, आणि खानदेशात या दोन्ही गोष्टी मार्चपासून पाऊस पडेपर्यंत मुबलक. डोळ्यात कचरा गेला असेल तर बाटलीतले थेंब तो सैल करतात, पापणीवरची खपली भिजवतात, इतकं खरं. पण हेच काम मेडिकलमध्ये मिळणारं ०.९ टक्क्याचं नॉर्मल सलाइन करतं, आणि थेंबांच्या एका बाटलीच्या पैशात सलाइनच्या कितीतरी बाटल्या येतात. शिवाय सलाइनमध्ये काय आहे ते माहीत असतं.

थेंबांचा विचार करण्याआधी डोळा खरंच बिघडलाय का ते बघायला हवं. आपल्या डोळ्यातून नाकात उतरणारी अश्रुनलिका असते, कासवाला ती नसते. त्यामुळे डोळ्यातलं पाणी थेट पापणीच्या कडेवरून ओघळतं. चरताना, ऊन खाताना डोळ्याखाली थोडी ओल दिसली तर तो आजार नाही. फेसाळ किंवा चिकट पाणी, दिवसा ऊब मिळूनही मिटलेले डोळे, फुगलेली खालची पापणी, पुढच्या पायाने डोळा चोळणं, बुबुळावर दुधी डाग, ही मात्र दुखण्याची लक्षणं. डोळे नुसतेच आत गेले असतील तर शरीरातलं पाणी कमी झालंय किंवा कासव बरेच दिवस नीट खात नाहीये. तिथे थेंबांचं काहीच काम नाही.

एक डोळा की दोन्ही, हा प्रश्न सगळ्यात उपयोगी. एकच डोळा बिघडला असेल तर बहुधा गवताचं कुसळ, भुशाचा कण, खरचटणं, नाहीतर दुसऱ्या कासवाचा चावा. दोन्ही डोळे एकदम बिघडले तर कारण बहुतेक वेळा डोळ्याबाहेर असतं: खाणं, हवा, दिवा, नाहीतर श्वसनाचा आजार. बाटलीवरचं लेबल हा फरक करतच नाही. दोन गुण देण्यामागे हे एक मोठं कारण.

जीवनसत्त्व अ वाल्या थेंबांबद्दलचा गैरसमज तर फारच पसरलाय. या जीवनसत्त्वाच्या कमतरतेत डोळ्याभोवतीच्या ग्रंथींच्या नळ्यांचं अस्तर जाड होतं, नळ्या बुजतात, पापण्या फुगतात आणि आत पू साचतो. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू माणसासारखा पातळ नसतो, पनीरच्या कण्यांसारखा घट्ट असतो. तो वाहून जात नाही, आणि त्याच्या आत औषधाचा थेंबही शिरत नाही. मूळ कमतरता असते यकृतातल्या साठ्याची. डोळ्यावर दिवसातून दोनदा सोडलेल्या थेंबांनी तो साठा भरत नाही, तो पोटातून भरावा लागतो. त्यातही ही कमतरता जास्त दिसते ती वाळक्या कोळंबीवर वाढवलेल्या पाण्यातल्या कासवांत. जमिनीवरचं कासव हिरवा पाला खात असेल तर तिची शक्यता बरीच कमी. काकडी, टोमॅटो आणि कोबीवर काढलेल्या कासवाची गोष्ट वेगळी.

आणि केळी. रावेर-यावलकडे घरात घड लटकलेला असतोच, कासव आवडीने खातं, म्हणून रोज दिलं जातं. केळ्यात साखर भरपूर, कॅल्शियम नावापुरतं. महिन्यातून एखादी चकती पुरे, सल्काटाला तीही नको. त्याऐवजी शेवग्याचा पाला, हादग्याची पानं, तांदुळजा, जास्वंदीची पानं-फुलं, काटे काढलेला फड्या निवडुंग द्यावा. सल्काटाला मारवेल किंवा हराळी पोटभर. आठवड्यातून एक-दोनदा किसलेलं गाजर किंवा लाल भोपळा. फक्त पाला कपाशीच्या बांधावरून आणू नये. फवारणीच्या दिवसांत त्याचा भरवसा नसतो, आणि विषबाधेत डोळ्यांहून कितीतरी वाईट गोष्टी होतात.

आता धुण्याची रीत, कारण बाटलीसोबतच्या चिठ्ठीत ‘दोन थेंब टाका’ याखेरीज काही नसतं. आधी कासवाला पसरट टबात कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवावं. पाणी तीसेक अंश, मनगटाला जेमतेम ऊबदार लागेल इतकं. उंची खालचं आणि वरचं कवच जिथे जुळतं तिथपर्यंतच, हनुवटी पाण्याबाहेर राहायला हवी. डोळे मिटलेलं कासव पाण्यात एकटं सोडू नये, बुडू शकतं. या भिजण्याने खपली मऊ होते आणि कासव पाणीही पितं. मग सुई काढलेल्या पाच मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये सलाइन घेऊन नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या दिशेने दोन-तीन मिलिलिटर हळूहळू सोडायचं. धार जोरात नको. ओघळलेलं पाणी गॉजच्या तुकड्याने टिपायचं. कापूस आणि कानकाड्या नकोत, त्यांचे तंतू डोळ्यात राहतात. पापणी नखाने उघडायची नाही, पू ओढून काढायचा नाही.

कासव डोकं आत घेतं, हीच खरी अडचण. ओढाताण करून उपयोग नाही. थोडं थांबलं, समोर जास्वंदीचं फूल धरलं की मान बाहेर येते. तेव्हा जबड्यामागे दोन बोटांनी अलगद धरावं. नाहीच जमलं तर मिटलेल्या पापणीच्या कडेवर थेंब सोडावा, डोळा उघडला की आत झिरपतो. दिवसातून दोनदा, असं तीन दिवस. सलाइनची बाटली फोडली की त्याच दिवशी वापरायची, उरलेलं फेकायचं. त्यात जंतू मारणारं काही नसतं, उघड्या बाटलीत ते वाढतात. मे महिन्यात कपाटातलं सलाइनही चांगलं तापलेलं असतं, आधी हातावर घेऊन बघावं. फ्रीजमधलं थेट डोळ्यात सोडू नये.

धुण्यासोबत जागा सुधारली नाही तर आठवड्यात पुन्हा तेच. कूलरचा झोत कासवाच्या पेटीवर सरळ येऊ देऊ नये. हंगामात पहिल्यांदा कूलर चालू करताना जुन्या गवताच्या जाळ्यांतून वर्षभराची धूळ उडते, तेव्हा तर कासव दुसऱ्या खोलीतच ठेवावं. खाली लाकडाचा बारीक भुसा किंवा कोरडी रेती नको. नारळाचा भुसा भिजवून, पिळून घातला की धूळ बसते आणि हवेत ओलही राहते. रेड फुटेडला साठ ते ऐंशी टक्के आर्द्रता लागते, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती आपोआप मिळणं शक्य नाही. पेटीत ओलसर भुशाची एक बंदिस्त कोपी करून द्यावी.

दिव्याकडे कुणी बघत नाही. यूव्हीबी दिवा, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा दिवा, फार जवळ असेल किंवा कासवाच्या नजरेसमोर आडवा लावलेला असेल तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतो आणि दोन्ही डोळे मिटतात. दिवा वरूनच हवा, कंपनीने सांगितलेल्या अंतरावर. जंतू मारायचा यूव्हीसी दिवा चुकूनही नको. नवा दिवा लावल्यावर दोन-चार दिवसांत डोळे मिटले तर तो आधी बंद करून बघावा. सकाळचं कोवळं ऊन सगळ्यात चांगलं, पण खिडकीच्या काचेतून नाही, काच यूव्हीबी अडवते. हिवाळ्यात उलटा प्रश्न येतो: रात्री गारठल्या की कासव सुस्त पडून डोळे मिटतं, मालक थेंब घालत बसतो. ऊन खाण्याची जागा ३२ ते ३५ अंश आणि पेटीची थंड बाजू २५च्या आसपास केली की पुष्कळदा डोळे आपोआप उघडतात.

तीन दिवसांत फरक नाही, बुबुळावर डाग दिसतोय, नाकातून बुडबुडे येताहेत, तोंड उघडून श्वास चाललाय किंवा खाणं बंद झालंय, तर डॉक्टरच. शेवटच्या तीनपैकी काही असेल तर तीन दिवसही थांबू नये, आणि घरातली दुसरी कासवं लगेच वेगळी करावीत. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रोज गायी, म्हशी आणि शेळ्या येतात, कासव क्वचित. म्हणून काही गोष्टी आपणच आधी बोलाव्यात. गोचीड-जंतांसाठी सर्रास वापरलं जाणारं आयव्हरमेक्टिन कासवाला जीवघेणं ठरतं. बुबुळावर जखम असेल तर डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड असलेले थेंब नकोत. जखम आहे का हे फ्लुरोसिनच्या रंगाने तपासता येतं, ती तपासणी करा म्हणावं. जीवनसत्त्व अ चं इंजेक्शन अंदाजाने द्यायची गोष्ट नाही, जास्त झालं तर काही दिवसांनी मान आणि पायांची कातडी सोलवटून निघते. दोन औषधं लिहून दिली असतील तर त्यांत पाच मिनिटांचं अंतर, आणि मलम नेहमी थेंबांनंतर. थेंब लगेच धुऊन जाऊ नयेत म्हणून भिजवणं आधी उरकायचं.

गुलाबपाणी, मध, हळदीचं पाणी, दूध, घरी कालवलेली बोरिक पावडर यांतलं काहीही डोळ्यात घालू नये.

घरात चांदणी कासव, म्हणजे पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं, असेल तर प्रश्न डोळ्यांच्याही पलीकडचा आहे. ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पाळता येत नाही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. सल्काटा, रेड फुटेड या परदेशी जातींचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. दुकानदार विकताना हे सांगत नाही.

एवढं वाचूनही बाटली घ्यायचीच असेल तर घटक आणि मुदत छापलेली, सीलबंद घ्यावी, रस्त्याकडच्या शोकेसमध्ये उन्हात तापलेली नको. उघडल्याची तारीख पेनाने लिहावी आणि महिन्याने उरलेली टाकून द्यावी. टोक डोळ्याला लागू देऊ नये. हाताळून झालं की साबणाने हात धुवावेत, कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, आणि घरात लहान मुलं असतील तर भिजवायचा टब स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये घासू नये.