पीडीआयचे, म्हणजे डिलिव्हरीपूर्व तपासणीचे, २,२०० रुपये घेतले आणि नवीन दुचाकीला पानासुद्धा लावला नाही

रागात लिहितोय, त्यामुळे क्रम मागेपुढे होईल. आकडे मात्र एकही अंदाजाने लिहिलेला नाही, सगळे कागद समोर ठेवले आहेत. शोरूमचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार दाखल केली आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात नवीन गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं.

धाकटा भाऊ महापे एमआयडीसीत कामाला लागला. त्याची शिफ्ट रात्री बाराला सुटते, तेव्हा घणसोलीला यायला धड बस मिळत नाही आणि रिक्षावाले तोंडाला येईल ते भाडं मागतात. म्हणून साधी, शंभर सीसीच्या वर्गातली गाडी घ्यायचं ठरलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के होणार होता, म्हणून थांबलो होतो. गाडीची एक्स-शोरूम किंमत ७६,४१० रुपये झाली. हिशोब केला तर आधीच्या दरापेक्षा साधारण ६,४७५ रुपये वाचत होते. दसरा २ ऑक्टोबरला होता. बाबा म्हणाले, मुहूर्तावर घरी आणू.

आता ते वाचलेले पैसे कुठे गेले ते बघा. एक्स-शोरूमच्या खाली कोटेशनमध्ये ही यादी होती: पीडीआय आणि हँडलिंग २,२०० रुपये, टेफ्लॉन कोटिंग १,४५०, अॅक्सेसरी किट २,३४०, नंबर प्लेट ५००. बेरीज ६,४९०. सरकारने सोडलेली सगळी रक्कम, वर पंधरा रुपये जास्त, शोरूमने परत काढून घेतली. इन्शुरन्स वेगळा, ७,३५० रुपये. त्याच कव्हरचा बाहेरचा दर मला ५,७८० मिळाला होता. तो दाखवल्यावर सेल्समन म्हणाला, "दादा, बाहेरचा इन्शुरन्स घेतलात तर दसऱ्याला डिलिव्हरीची गॅरंटी नाही." अशी अडवणूक करायचा त्यांना काहीही अधिकार नाही. इन्शुरन्स कुठून घ्यायचा ते गाडी घेणारा ठरवतो. पाच वर्षांच्या थर्ड पार्टीचा दरसुद्धा ठरलेला आहे, ७५ ते १५० सीसीला ३,८५१ रुपये अधिक कर. म्हणजे वर लावलेलं सगळं कशाचं आहे ते विचारा, आणि ओळीने विचारा.

नंबर प्लेटचे ५०० तर शुद्ध लूट. १ एप्रिल २०१९ पासून नवीन गाडीची हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीनेच गाडीबरोबर द्यायची आहे. आणि 'अॅक्सेसरी किट'मध्ये हेल्मेट आणि साडी गार्ड मोजले होते. हेल्मेट गाडीबरोबर देणं केंद्रीय मोटार वाहन नियमात, १३८ व्या नियमात, लिहिलेलं आहे. मागच्या चाकाचं संरक्षण आणि मागे बसणाऱ्याची पकड १२३ व्या नियमात आहे. कायद्याने जे द्यायचंच आहे त्याचं किट बनवून २,३४० रुपयांना विकतात.

पण हे सगळं एक वेळ सोडा. मी पेटलोय तो पीडीआयवरून.

पीडीआय म्हणजे ट्रकमधून उतरलेली गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी करणं. आरसे, लेग गार्ड, साडी गार्ड बसवणं एवढंच ते काम नाही. बॅटरी क्षमतेच्या एक दशांश करंटने सावकाश पूर्ण चार्ज करून मगच बसवायची असते. वाहतुकीसाठी टायरमध्ये जास्तीची हवा भरलेली असते, ती उतरवायची असते. दोन्ही अॅक्सलचे नट, हँडलचे क्लॅम्प, स्टिअरिंगचा प्ले, चेनचा ताण, क्लच केबलची ढील, ब्रेक पेडलचा प्ले, हेडलाइटचा झोत, सगळं बघून कागदावर टिक करायची आणि मेकॅनिकने सही करायची. मी रबाळ्याला एका कंपनीत मेंटेनन्स फिटर आहे. न बघता चेकलिस्टवर टिक केली तर आमच्याकडे घरी पाठवतात.

आणि तरी मला फसवलं. घरी, कंपनीत, सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे की याला मशीनचं कळतं, आणि मलाच अशी गाडी टेकवली. अजून कंपनीत कुणाला सांगितलेलं नाही.

तो क्षण सांगतो, कारण तिथेच सगळं होतं. दसऱ्याला शोरूमबाहेर मांडव होता, गाड्या ओळीने उभ्या, हार घातलेले, मागे पंधरा-वीस कुटुंबं ताटकळत. आमची गाडी मागच्या गेटातून एक पोरगा चालवत घेऊन आला आणि त्याने इंजिन बंद केलं नाही. बाबांनी नारळ फोडला, आईने हळदकुंकू लावलं, फोटो झाले, किल्लीचा मोठा पुठ्ठा हातात देऊन झाला, आणि सगळा वेळ इंजिन चालू. मी किल्ली फिरवायला हात पुढे केला तर सेल्समनने माझा हात धरला. "राहू द्या दादा, नवीन इंजिन आहे, गरम होऊ द्या. असंच घेऊन निघा, शकुन असतो."

कसला शकुन? नवीन इंजिन उभं राहून आयडलिंगला तापवत ठेवायचं नसतं. चालू ठेवण्याचं कारण एकच, बंद केलं असतं तर सेल्फवर परत सुरू झालं नसतं. हे मला रात्री झोपताना कळलं. त्या वेळी आई ओवाळत होती, बाबा पुढच्या माणसाची माफी मागत होते, सेल्समन "सही इथे, इथे आणि इथे" करत सात कागद पुढे सरकवत होता. त्या गर्दीत आईबापांसमोर कोण किल्ली बंद करून मल्टिमीटर लावतं? कुणीच लावत नाही. त्यांना ते पक्कं माहीत आहे, म्हणून डिलिव्हरी मुहूर्तावर कोंबतात. वर्कशॉपमध्ये बघायला जाऊ का, असं मी आदल्या दिवशी विचारलं होतं. उत्तर मिळालं, "कस्टमर अलाउड नाही, सेफ्टीचा इश्यू आहे."

मुहूर्त घरी करा. पूजा घरी करा. डिलिव्हरी आधी घ्या, गर्दी नसलेल्या दिवशी घ्या, दुपारी घ्या.

पंपावर पेट्रोल भरायला गाडी बंद केली. सेल्फ नुसता खट् खट् वाजला. किकने सुरू झाली. शोरूमला फोन केला तर सर्व्हिस मॅनेजर म्हणतो, "बॅटरी नवीन आहे, चालवून चालवून चार्ज होते." साफ खोटं. बॅटरी चार्ज करून बसवायची असते, ग्राहकाने घणसोली-महापे फेऱ्या मारून ती चार्ज करायची नसते. मग एका रात्री शिफ्ट सुटल्यावर भाऊ महापे एमआयडीसीच्या आतल्या अंधाऱ्या रस्त्यावर अडकला. फ्युएल इंजेक्शनची गाडी, बॅटरी पार बसल्यावर किकही लागेना. ढकलत मुख्य रस्त्यापर्यंत आला.

रविवारी मी साइड कव्हर उघडलं. मल्टिमीटरवर ११.९ व्होल्ट. बारा व्होल्टची भरलेली चांगली बॅटरी १२.८ च्या आसपास दाखवते. टर्मिनलच्या स्क्रूचे खाचे आधीच झिजलेले. आणि बॅटरीवरचा नंबर वॉरंटी कार्डावरच्या नंबरशी जुळत नव्हता. फॉर्म २२, म्हणजे गाडीबरोबर येणारं कंपनीचं प्रमाणपत्र, काढून बघितला, त्यावर गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष असतं. फेब्रुवारी २०२५. आठ महिने गाडी कुठल्या तरी यार्डात उभी होती. लेड-अॅसिड बॅटरी चार्ज न करता पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती कामातून जाते. हिची बॅटरी मेली, म्हणून दुसऱ्या गाडीची काढून हिला लावली. मला दुसरा अर्थ दिसत नाही.

मग सगळीच गाडी तपासली. दोन्ही टायरमध्ये ४५ पीएसआय. स्टिकरवर पुढे २५, मागे एकट्याला २८ लिहिलंय. चेन कव्हरचं रबरी बूच काढून बोटाने चेन उचलली तर पाच सेंटिमीटर खेळत होती, मॅन्युअलमध्ये दोन ते तीन सेंटिमीटर आहे. अॅडजस्टरच्या खुणा डावीकडे एक, उजवीकडे भलतीच, म्हणजे मागचं चाक तिरकं. आणि मागच्या अॅक्सलचा नट फिरवताना पान्याला जोरच लागला नाही. माझा भाऊ त्या चाकावर ठाणे-बेलापूर रोडला कंटेनरच्या शेजारून जात होता. टेफ्लॉनच्या जागी हाताला चिकटणारं मेण. टूलकिटची पिशवी रिकामी.

पीडीआयच्या कागदाची प्रत मागितली. आधी "ती इंटर्नल असते", मग "साहेब नाहीत". लेखी अर्ज देऊन पोच घेतली तेव्हा मिळाली. सगळ्या रकान्यांत एकाच पेनाने, एका दमात ओढलेल्या टिका. 'बॅटरी व्होल्टेज'समोर आकड्याऐवजी ओके. चासी नंबरचे शेवटचे चार आकडे खोडून माझे लिहिलेले, खालचे जुने आकडे उजेडात धरले की वाचता येतात. दुसऱ्या गाडीचा कागद!

आता पुढचं ऐका. शोरूम म्हणतं, बॅटरीची वॉरंटी बॅटरी कंपनीकडे. बॅटरी कंपनी म्हणते, हा नंबर तुमच्या गाडीचा नाही. गाडीच्या कंपनीच्या कस्टमर केअरने तक्रार नोंदवून घेतली आणि काही न करता 'ग्राहकाचे समाधान झाले' असा मेसेज पाठवून बंद केली. परत उघडली, परत बंद केली. शेवटी १,१८० रुपयांची बॅटरी मी स्वतः आणली, कारण भावाला कामावर जायचं होतं. जुनी मात्र टाकली नाही, पिशवीत सील करून ठेवली आहे.

आरटीओत गेलो. पहिल्या खिडकीने दुसऱ्या मजल्यावर पाठवलं, दुसऱ्या मजल्याने परत खाली. एका साहेबांनी कागद उलटेपालटे केले आणि म्हणाले, "गाडी चालू आहे ना? मग काय?" हँडलिंग चार्जेसबद्दल विचारलं तर, "ते तुमच्या आणि डीलरच्या मधलं आहे." अहो, डीलरला ट्रेड सर्टिफिकेट, म्हणजे नोंदणी न झालेल्या गाड्या ठेवायचा परवाना, कोण देतं? तुम्हीच. निलंबित किंवा रद्द करायचा अधिकार कुणाला आहे? तुम्हालाच, नियमात लिहिलंय. पूर्वी नवीन गाडी पासिंगला इन्स्पेक्टरसमोर न्यावी लागायची. २०२१ पासून पूर्ण बांधलेली नवीन गाडी दाखवायची गरज उरली नाही, डीलर ऑनलाइन कागद चढवतो. सोय झाली, मान्य. पण मग डीलर सोडून गाडीकडे बघणारं दुसरं कुणी राहिलंच नाही, आणि त्याच डीलरची तक्रार नेली तर बसायला खुर्चीही देत नाहीत. लेखी अर्ज घ्यायला तयार नव्हते. इनवर्डला शिक्का मारून घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणालो, तेव्हा घेतला. अजून उत्तर नाही. पोलीस चौकीत 'सिव्हिल मॅटर' म्हणून अर्ज परत दिला. खोडलेला चासी नंबर दाखवला, तर हवालदार म्हणाले, "आमच्याकडे मोठमोठ्या सायबर केसेस पडल्यात हो." दोन हजारांची चोरी ही चोरी नसते का? दसऱ्याच्या एका दिवसात त्या मांडवातून किती गाड्या गेल्या, त्याला २,२०० ने गुणा, मग बघा ती किती मोठी केस होते.

१९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन कंपनीकडे तक्रार पाठवते, आदेश देऊ शकत नाही. तरी नोंदवा, कारण नोंद कामी येते. खरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवरून करता येते, मुदत दोन वर्षं. माझ्या ६,४९० रुपयांचं जीएसटी बिल शोरूमने दिलंच नव्हतं, नुसतं कोटेशन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. तो मुद्दा मी पहिला घातला आहे.

तक्रार गेल्यावर मात्र शोरूमचा फोन लगेच आला. १,५०० रुपये आणि दोन फ्री सर्व्हिस देतो, 'तक्रार नाही' असं लिहून द्या. मी नाही म्हणालो. कॉल रेकॉर्ड केला आहे.

कुणाला गाडी घ्यायची असेल तर पैसे भरण्याआधी चासी नंबर मागा आणि फॉर्म २२ वरचा महिना बघा. सही करण्याआधी इंजिन बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग सेल्फ मारा. पीडीआयचे पैसे मागितले तर कशाच्या आधाराने ते लेखी मागा. आणि ज्यांनी दसऱ्याला किंवा धनत्रयोदशीला गाडी घेतली आहे, त्यांनी आजच साइड कव्हर उघडून बॅटरीचा नंबर वॉरंटी कार्डाशी जुळवा आणि मागच्या अॅक्सलच्या नटाला पाना लावून बघा. नंबर जुळला नाही तर बॅटरी काढण्याआधी, चासी नंबर त्याच चौकटीत येईल असा व्हिडिओ काढा. माझ्याकडे तो नाही, आणि शोरूमचा वकील आता नेमकं तेच विचारतोय.