शुगरवाल्याची भाकर की पोळी?

शुगर निघाली की गावात पहिला सल्ला ठरलेला: "पोळी सोडा, भाकर धरा." मी सहा महिने पोळीवर काढले, मग भाकरीवर आलो.

पोळीच्या बाजूनं बरंच बोलता येतं. रेशनचा गहू फुकट मिळतो, ज्वारी विकत घ्यावी लागते. वऱ्हाडात सोयाबीन आल्यापासून ज्वारी पेरतो कोण? पेरली तरी पाखरं अन् रानडुकरं ठेवत नाहीत. डब्यातली पोळी दुपारपर्यंत मऊ राहते, भाकर वावरात पोचेस्तोवर कडक. आणि ज्वारी म्हणजे काही औषध नाही. 100 ग्रॅम पीठ गव्हाचं घ्या की ज्वारीचं, त्यात 70 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकंच. चार भाकरी हाणल्या तर शुगर मोजायचं मशीन सोडत नाही.

तरी माझा जीव भाकरीकडे, तो शिळ्या पोळीपायी. रात्री दोन पोळ्या उरतात. सकाळी चहा उकळत असतो, डबा समोर असतो, हात आपोआप जातो. चहा-पोळी आमच्या रक्तातच. आता तर अक्षरशः. बिनसाखरेच्या चहात बुडवा म्हणाल, तर एकदा बुडवून पाहाच. अर्धा चमचा, मग एक, असं करत साखर परत येते. दोन तासांनी बोट टोचलं की आकडा 240 च्या घरात.

उरलेली भाकर आमच्याकडे चहात जात नाही. ती कुस्करायची, वर ताक ओतायचं, सोबत जवसाची चटणी अन् कांदा. तेच मशीन, तीच वेळ, 170-180. यात भाकरीचं श्रेय किती अन् सुटलेल्या गोड चहाचं किती, देव जाणे. तुमचा आकडा वेगळा येईल.

ज्यांना चहा-पोळीची सवय नाही, त्यांचं पोळीवरही भागेल. पीठ न चाळता, मोजून. वरण, उसळ, हिवाळ्यात तुरीचे सोले मात्र दोन्हींसोबत हवेत, शाकाहारी ताटात प्रथिनांची भर पडते तिथून. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर जेवण बदलण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला. मी न विचारता जेवण निम्मं केलं आणि डवरताना शुगर उतरून हातपाय थरथरायला लागले. शेजारच्या वावरातल्या गड्याजवळ गूळ होता म्हणून निभावलं.

आता सूनबाई रात्री पोळ्या माणसागणिक मोजून लाटते. भाकर मात्र एक जास्तीची थापते.