गुप्तरोगाच्या नावाखाली 18 हजारांची पूड

मला त्या माणसाने गाठलं ते केमिस्टच्या दुकानाबाहेर. खाजेची ट्यूब मागताना त्याने ऐकलं असणार. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, बोलणं अगदी घरच्यासारखं. "दादा, राग मानू नका. माझ्या मेव्हण्याला अगदी हेच झालं होतं. डॉक्टर करून थकलो, शेवटी एका वैद्याने खडखडीत बरा केला. तपासायचे पैसेसुद्धा घेत नाहीत हो ते." हा मेव्हणा कुठे नसतोच. हा माणूस त्या वैद्याच्याच दुकानाचा दलाल असतो आणि गिऱ्हाईक आणून दिल्याचं कमिशन घेतो. गुडघेदुखीवाल्यांना, मूल होत नसलेल्यांना आणि माझ्यासारख्यांना हेच लोक एसटी स्टँड, स्टेशन आणि मोठ्या रुग्णालयांच्या आसपास हेरत असतात.

चाकणला कंपनीत उभ्याने काम, जाड पॅन्ट, दिवसभर घाम. पावसाळ्यात जांघेत खाज सुटणं आमच्या लाइनवर कुणालाच नवीन नाही. या वेळी मात्र अंघोळ करताना लिंगाच्या बोंडाच्या कडेला बारीक पांढरट दाण्यांची ओळ दिसली आणि पोटात गोळा आला. असलं काही ना घरी सांगता येतं, ना मित्रांना. या धंद्याचं सगळं भांडवल तेवढंच आहे.

वैद्याच्या खोलीत भिंतभर फ्रेम होत्या, पण एकाही प्रमाणपत्रावर नोंदणी क्रमांक वाचता येत नव्हता. त्याने हातमोजे न घालताच टॉर्च मारून पाहिलं आणि विचारलं, "लग्न झालंय ना बाळा? मग बायकोलाही दिलं असशील." मग आवाज खाली आणून, "गरमी आहे, म्हणजे गुप्तरोग. आत्ता अडवली नाही तर रक्तात उतरेल, मूल होणार नाही." पाठोपाठ सडलेल्या अवयवांच्या फोटोंचा अल्बम उघडला. एवढं झाल्यावर माणूस भाव करायच्या स्थितीत राहत नाही.

त्याने चिठ्ठीवर चार भस्मांची नावं लिहिली आणि पुढे नुसतं "80". दोन गाळे सोडून असलेल्या भांडारात ती दाखवायची. दुकानदाराने बरण्यांतून काढून तोलून घेतलं आणि मी काही विचारायच्या आत सगळं एकाच खलात घालून घोटलं. आकडा विचारला तेव्हा 18,400 रुपये. मी 80 हा तोळ्याचा, म्हणजे 10 ग्रॅमचा भाव धरला होता; तो ग्रॅमचा निघाला आणि माल 230 ग्रॅम. "घोटलेला माल परत होत नाही साहेब, आता हा फक्त तुमच्याच प्रकृतीचा आहे." दारात दोघे जण येऊन उभे राहिले होते. यूपीआयने पैसे पाठवले तेव्हा पडद्यावर आलेलं नाव दुकानाच्या पाटीवरच्या नावाशी जुळत नव्हतं. बिल मागितलं तर कच्च्या कागदावर "जडीबुटी" एवढंच लिहून दिलं. पुडीवर ना परवाना क्रमांक, ना बॅच, ना बनवल्याची तारीख. आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवर हे सगळं लागतंच. अशा सुट्या भस्मांत शिसं, पारा, आर्सेनिक असू शकतं, काहींत स्टेरॉइडही मिसळलेलं असतं. त्यामुळे ती पुडी मी तोंडात घातली नाही.

सरकारी रुग्णालयात त्वचा आणि गुप्तरोग विभागातल्या डॉक्टरांनी दाणे पाहिले आणि चक्क हसले. "हे नैसर्गिक आहे. कित्येक पुरुषांना असतात." बोंडाच्या कडेने एकसारख्या आकाराचे, एक-दोन मिलिमीटरचे दाणे एका किंवा दोन-तीन ओळींत असतात. दुखत नाहीत, पसरत नाहीत, संबंधातून लागत नाहीत. औषधही लागत नाही. लिंगाच्या दांड्यावर किंवा अंडकोषाच्या कातडीवर दिसणारे पिवळसर ठिपकेही बहुतेक वेळा नुसत्या तेलग्रंथी असतात. म्हणजे मी गरमीचं म्हणून जे विकत घेतलं, त्यासाठी मुळात आजारच नव्हता.

खाज खरी होती, तो नायटा होता. आणि दुसरी फसवणूक इथे होती. बिनबोभाट, केमिस्टच्या काउंटरवरची. मी लावत होतो त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर जोरदार स्टेरॉइड आणि अँटिबायोटिकही होतं. स्टेरॉइडने आग आणि लाली लगेच दबते, म्हणून ट्यूब गुणाची वाटते. बुरशी मात्र आत वाढत राहते, कड्यात कडं उठतं, चट्टा मांडीवरून कंबरेवर चढतो. जांघेची कातडी पातळ असल्याने तिथे कायमचे ताणाचे पट्टे पडतात. माझ्या मांडीवर ते आहेत. अशा स्टेरॉइडच्या ट्यूब चिठ्ठीशिवाय विकायच्या नसतात, तरी कुणीही मागितली की मिळते. उपाय साधा पण लांबलचक निघाला: फक्त बुरशीचं औषध, आठवड्यांच्या हिशेबाने, चट्टा गेल्यावरही काही दिवस, टॉवेल वेगळा, कपडे उन्हात वाळवलेले, जांघ कोरडी. अँटिसेप्टिक पाण्याने खसाखसा धुणं बंद, त्याने कातडी आणखी चिडते. घरात दुसऱ्या कुणाला नायटा असेल तर त्यालाही उपचार.

अर्थात सगळेच दाणे निरुपद्रवी नसतात. रात्री खाज वाढत असेल, घरात इतरांनाही असेल आणि अंडकोषावर घट्ट गाठी उठल्या असतील तर खरूज धरून चाला. तिथे मानेखालच्या सगळ्या अंगाला औषध लावायचं आणि घरच्या सगळ्यांनी एकाच दिवशी. बोंडावरच्या कातडीच्या आत पांढरा थर आणि सतत खाज असेल तर साखर तपासा. पाणी भरलेले दुखरे फोड, फुलकोबीसारखे मस किंवा न दुखणारी कडक जखम असेल तर थांबूच नका. ही न दुखणारी जखम बऱ्याचदा सिफिलिस या गुप्तरोगाची असते आणि ती काही आठवड्यांत आपोआप भरते, पण आजार शरीरात राहतो. नेमक्या याच काळात वैद्याची पुडी चालू असली की श्रेय पुडीला जातं, आणि तो माणूस चार जणांना त्याच दुकानात पाठवतो.

तपासणी फुकट होते. जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत "सुरक्षा क्लिनिक" असतं, 1097 हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा क्रमांक. गुप्तरोग बरे करण्याची जाहिरात करणं 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे, तरीही मुताऱ्यांच्या भिंतींवर अशा जाहिराती चिकटलेल्या असतात.

मी पोलिसांत तक्रार दिली आणि अन्न व औषध प्रशासनालाही पुडीसकट अर्ज केला. हवालदारांनी दुकानात फोन लावला तसा दुकानदार "गैरसमज झाला" म्हणत 9 हजार परत द्यायला तयार झाला. बाकीच्यासाठी बिल कुठे आहे, हे त्याने उलट मलाच विचारलं. यूपीआयची नोंद होती म्हणून निदान निम्मे तरी हाती आले. माझ्याआधी तक्रार घेऊन आलेल्या काकांनी रोख दिले होते, त्यांना काहीच मिळालं नाही.