मागचे शॉकअप घरीच बदलले: गॅब्रिएलच्या जोडीचा अनुभव

बाबांची १९९८ ची मारुती ८०० अजून माझ्याकडं आहे. पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या पुढच्या वळणांवर मागून ती अशी झोके घ्यायला लागली, की मागं बसलेल्या आईनं जोतिबाचा धावा सुरू केला. घरी येऊन डिकीवर दोन्ही हातांनी जोर देऊन सोडला. शॉकअप धड असेल तर गाडी वर येऊन गप्प बसते. आमची चारदा हलली. वाकून बघितलं, तर डाव्या शॉकअपच्या नळीवर तेलात कालवलेली धूळ थापल्यासारखी बसलेली. तेल अडवणारं सील गेलं होतं. आतल्या पिस्टनच्या बारीक छिद्रांतून तेल जेमतेम सरकतं म्हणून स्प्रिंगचा झोका मरतो. तेलच गळालं तर राहते ती नुसती नळी.

ही जुनी जोडी दीड वर्षापूर्वी एका गॅरेजमध्ये बसवलेली. ना बिल, ना खोका, कंपनीचं नावही नाही. स्वस्त पडली म्हणून मीच खूश होते, त्यामुळं बोलायची सोय नाही.

यावेळी उद्यमनगरात जाऊन गॅब्रिएल कंपनीची घेतली. जोडी सोळाशेला पडली, बिलासकट. ८०० चं उत्पादन २०१४ ला थांबलं, तरी माल कपाटातून लगेच निघाला. "ताई, मिस्त्री देऊ काय लावून?" दुकानदारानं विचारलं. नको म्हटलं. तो हसला. रविवारी संध्याकाळी त्या हसण्याची आठवण झाली.

कारण शॉकअपचा खालचा बोल्ट. कोल्हापूरचा पाऊस इतकी वर्षं त्यावर पडलाय. शनिवारी रात्री डब्ल्यूडी-४० हा गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवलं, सकाळी परत मारलं. पान्यात पाईप घालून शेजारचा पोरगा लोंबकळला. "काकू, ह्यो काय सुटंना बघा!" दीड तास आणि दोन चहा गेल्यावर कट्ट करून आवाज आला. बोल्ट तुटला, असंच वाटलं. सुटला होता. उजवीकडचा मात्र दहा मिनिटांत निघाला, का ते विचारू नका.

घरी करणार असाल तर एवढं पाळाच. पुढच्या चाकांना दगड लावा, गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. दुसरा जॅक ॲक्सलखाली, म्हणजे मागची चाकं जोडणाऱ्या दांड्याखाली, हवाच. ८०० ला मागची स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी असते. शॉकअप काढल्यावर ॲक्सल खाली लोंबला तर स्प्रिंग जागेवरून सुटते, म्हणून एका वेळी एकच बाजू. नवा शॉकअप उभा धरून पाच-सहा वेळा दाबायचा-ओढायचा, म्हणजे आतली हवा निघते. शॉकअपच्या चकचकीत दांड्याला पक्कड लावायची नाही, ओरखडा पडला की नवं सीलही फाटतं. आणि बुशाचे, म्हणजे शॉकअपच्या टोकांच्या रबरी कड्यांचे, बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उतरवून. अधांतरी आवळले की रबर कायम पिळलेलं राहतं. हे मी आधी विसरले आणि दोन्ही बाजू परत ढिल्या करून आवळल्या.

आता जोडीबद्दल. बुश घट्ट, भोकं जिथल्या तिथं जुळली, हातोडी लागली नाही. दाबताना दोन्हीची ताकद सारखी लागली. जुन्या जोडीतला उजवा तर नुसत्या बोटानं आत जात होता. तीन महिने झाले, नळ्या कोरड्या आहेत. गतिरोधकावर मागं एकच धक्का बसतो. पहिल्या आठवड्यात कडक वाटलं, पण ती माझीच झोक्याची सवय असावी. पुढच्याच रविवारी वाघबीळच्या वळणांवर आई झोपली होती.

शेजारचे काका मात्र नाराज. "शॉकअप नवीन घातलास, मग गाडी मागून बसलेलीच कशी?" गाडीची उंची स्प्रिंग धरते, शॉकअप नाही. सव्वीस वर्षांच्या स्प्रिंगा दबल्यात, त्या या सोळाशेत वर येणार नव्हत्या. काकांना पटलं नाही. स्प्रिंगांचा दर विचारून ठेवलाय, दिवाळीच्या सुट्टीत बघू. पोरगा आत्ताच विचारतोय, त्यालाबी असला बोल्ट असतोय काय.