पक्षाघातानंतर हाताचा व्यायाम: २१ दिवसांच्या पॅकेजचा फसवा व्हिडिओ

कोथरूडमधल्या एका घरी, आजोबांना पक्षाघात होऊन दीड महिना झाला तेव्हा, पांढरा एप्रन घातलेला माणूस आला. "नस दबलीय, २१ दिवसांत हात डोक्यावर नेतो," म्हणाला. ३०,००० रुपये आगाऊ घेतले, पावती दिली नाही. खरं तर पक्षाघातात खांद्यातली नस दबत नाही, मेंदूकडून हाताला जाणारा हुकूमच तुटतो. मालिशनं तो जुळत नाही.

खरी लबाडी व्हिडिओत होती. पहिल्या दिवशी आजोबांना खुर्चीत बसवून हात उचलायला लावला. तो छातीपर्यंतही आला नाही, खांदा मात्र कानाला टेकला. विसाव्या दिवशी चित्रण केलं ते पलंगावर उताणं झोपवून. हात उभा होईपर्यंत कोपराला आधार दिला आणि तेवढा भाग कापून टाकला. उताण्या माणसाचा हात एकदा उभा झाला की पुढे आपल्याच भारानं डोक्याकडे जातो. घरचे आनंदानं रडले. खुर्चीत हात होता तिथंच होता.

नुकसान पैशांपुरतं थांबलं नाही. दाराला कप्पी लावून चांगल्या हातानं लुळा हात वर ओढायला लावलं होतं. अशा खांद्याचे स्नायू बऱ्याचदा ढिले असतात, सांधा थोडा खाली सरकलेला असू शकतो. हात ताणून वर नेला की आतला मऊ भाग चिमटू शकतो. खांदा इतका दुखायला लागला की आजोबा हाताला कोणाला शिवू देईनात. हातात दाबायला देतात तो रबरी चेंडूही असाच. बोटं आधीच मिटायला लागलेली असतील तर दाबण्यापेक्षा उघडण्याचा सराव हवा.

थोडी हालचाल असेल तर टेबलावर घडी केलेला नॅपकिन ठेवा, त्यावर अधू हात, वरून चांगला. कोपर सरळ होईपर्यंत पुढे सरकवा, पाठ खुर्चीला टेकलेली. १० वेळा, थोडी विश्रांती, असं तीनदा. खांदा कानाकडे चढला किंवा दुखलं की थांबा. बोटं थोडी उघडत असतील तर रिकामा पेला धरून सोडायचा. सोडणं जास्त अवघड आणि जास्त कामाचं. उठवताना काखेत हात घालून ओढू नका.

पैसे देण्याआधी फिजिओथेरपिस्टची पदवी आणि राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. पावती घ्या. व्हिडिओ घरच्यांनीच काढावा: तीच खुर्ची, बाजूनं, न कापता. फसलाच असाल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.