सोनी एफएक्स३ : सांगलीतल्या कामाला परवडतो का?

सोनीने एफएक्स३ हा कॅमेरा फेब्रुवारी २०२१ मध्ये जाहीर केला, तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत ३,८९९ डॉलर होती; आपल्याकडे लेन्स न धरताही हा व्यवहार तीन लाखांच्या पुढे जातो. सांगली-मिरजेत लग्नाच्या ऑर्डरींवर स्टुडिओ चालवणाऱ्याने एवढी रक्कम एका कॅमेऱ्यात गुंतवावी का, हे केवळ चित्राच्या दर्जावरून ठरवता येत नाही. जवळजवळ तेच चित्र देणारा, १२.१ मेगापिक्सेलचाच सेन्सर असलेला सोनीचाच ए७एस ३ हा कॅमेरा त्याआधी, २०२० मध्येच, ३,४९८ डॉलरना आला होता.

मग जास्तीचे पैसे कशाचे? मुख्यतः आतल्या पंख्याचे आणि वरच्या हँडलचे. मे महिन्यात, पत्र्याच्या मंडपात, दुपारच्या मुहूर्ताला कॅमेरा बराच वेळ सलग चालू ठेवावा लागतो आणि तो तापून बंद पडला, तर मंगलाष्टका पुन्हा म्हणवून घेता येत नाहीत. पंख्यामुळे ही धास्ती बरीच कमी होते. काढता येणाऱ्या हँडलवर एक्सएलआरची, म्हणजे व्यावसायिक माइक-मिक्सरच्या केबलची, दोन इनपुट असल्याने साउंडवाल्याच्या मिक्सरमधला आवाज थेट कॅमेऱ्यात घेता येतो. विष्णुदास भावे नाट्यमंदिरात नाटक किंवा मैफल चित्रित करणाऱ्याला ही सोय फार मोलाची आहे, कारण नंतर एडिटिंगला आवाज जुळवत बसण्याचा वेळ वाचतो.

रंगमंचावरच्या मंद प्रकाशात हा कॅमेरा खरोखर उठून दिसतो. एस-लॉग३ मध्ये, म्हणजे नंतर रंग सुधारण्यासाठी फिके चित्र टिपणाऱ्या मांडणीत, त्याचे ८०० आणि १२,८०० असे दोन मूळ आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलतेच्या पातळ्या) आहेत, आणि दुसऱ्या पातळीवर नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, पुन्हा कमी होत असल्याने हॅलोजन न लावताही चेहरे स्वच्छ मिळतात. भर उन्हात मात्र हीच संवेदनशीलता अडचणीची ठरते, कारण लेन्समधून येणारा प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर यात अंगभूत नाही. तो हवा असेल, तर ५,९९९ डॉलरना आलेल्या सोनीच्याच एफएक्स६ कडे जावे लागते. कुंडलच्या कुस्ती मैदानात ढग सरकला म्हणून फिल्टर बदलायला घ्यावा, तोवर कुस्ती निकाली निघालेली असते. शिवाय डोळा लावून पाहायचा व्ह्यूफाइंडर नाही आणि उन्हात तीन इंची स्क्रीन नीट दिसत नाही. या बाबतीत व्ह्यूफाइंडर असलेला ए७एस ३ सरळसरळ सरस आहे.

खर्च कॅमेऱ्यापाशी थांबत नाही. ४के, सेकंदाला २५ फ्रेम, ऑल-इंट्रा (प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे साठवणाऱ्या) अशा मांडणीत २५० मेगाबिट प्रतिसेकंद, म्हणजे तासाला सुमारे ११२ जीबी डेटा तयार होतो. त्याची दुसरी प्रत ठेवायची म्हटल्यावर हार्डडिस्क किती लागतील, याचा हिशेब कॅमेरा घेण्याआधीच केलेला बरा. एच.२६५ या जास्त दाबून साठवणाऱ्या पद्धतीत फाइल लहान होते खरी, परंतु जुना संगणक ती एडिट करताना रडतो.

नाट्यप्रयोग, मैफली आणि साखर कारखान्यांचे माहितीपट अशी कामे ज्यांच्याकडे नियमित येतात, त्यांच्यासाठी ही किंमत रास्त आहे. १०-बिट रंगांमुळे, म्हणजे रंगांच्या जास्त छटा टिपल्या गेल्याने, ग्रेडिंगला (नंतर रंग सुधारायला) मिळणारा वाव त्यांच्याच कामी येतो. ज्यांचे गिऱ्हाईक पेनड्राइव्हवर फुल एचडी फिल्म घेऊन समाधानी असते, त्यांनी मात्र हा कॅमेरा मुहूर्ताच्या दिवसांपुरता भाड्याने आणावा आणि हातातल्या पैशांतून आधी एक चांगली, जास्त प्रकाश घेणारी एफ/२.८ झूम लेन्स घ्यावी. ती त्याच माउंटच्या (लेन्स बसवायच्या खाचेच्या) पुढच्या कॅमेऱ्यालाही चालते.