हिवाळ्यात वाफेची गाडी: ब्रोकेन की फिख्टेलबेर्ग?

भर हिवाळ्यात, गुडघाभर बर्फातून वाफेच्या इंजिनाची प्रवासी गाडी धावताना पाहायची असेल, तर जर्मनीत राहणाऱ्या किंवा तिकडे जाणाऱ्या मराठी रेल्वेवेड्यापुढे बहुधा दोन नावे येतात: हार्त्स पर्वतातला ब्रोकेनचा मीटरगेज मार्ग आणि झेक सीमेलगत ओबरवीझनटालला जाणारा ७५० मिलिमीटर गेजचा फिख्टेलबेर्ग मार्ग. दोन्हीकडची मुख्य इंजिने १९५० च्या दशकात बाबेल्सबेर्गला बांधलेली आहेत आणि दोन्ही मार्ग थंडीतही वेळापत्रकाप्रमाणे चालतात, त्यामुळे केवळ इंजिनावरून निवड करण्यात फारसा अर्थ नाही.

भव्यतेत ब्रोकेन सरस आहे, हे आधीच मान्य करतो. वेर्निगेरोडे समुद्रसपाटीपासून जेमतेम २३४ मीटरवर आहे आणि तिथून सुमारे ३४ किलोमीटरमध्ये गाडी ११२५ मीटरवरच्या स्थानकात पोचते. शेवटी तर रूळ शिखराभोवती दीड वेढा घालत चढतात. १८९९ पासूनचा हा मार्ग १९६१ नंतर तीन दशके सामान्य प्रवाशांना शिखरापर्यंत बंद होता, कारण शिखर पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या सीमेवरच्या लष्करी पट्ट्यात होते; १९९२ पासून नियमित गाड्या पुन्हा वर जाऊ लागल्या. चढावर इंजिनाचा जो आवाज घुमतो, त्याची सर दुसऱ्या मार्गाला येत नाही.

माझे मत फिरले ते वाऱ्यामुळे. रुळांवर समान पडलेला बर्फ सहसा गाडी थांबवत नाही; इंजिनापुढचा नांगर तो बाजूला सारतो आणि निसरड्या रुळांवर वाळू टाकून इंजिन चढ निभावते. वाऱ्याने उडवून आणलेला बर्फ मात्र खोलगट भागात भरतो, दबून घट्ट होतो, आणि नांगर पुढे गेला की वाट मागून पुन्हा बुजू लागते. ब्रोकेनचा माथा उघडा आहे. १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे ताशी २६३ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याची नोंद झाली होती. त्यात अलीकडच्या वर्षांत साल पोखरणाऱ्या किड्यांनी हार्त्समधले स्प्रूसचे जंगल मोठ्या प्रमाणावर मारले आहे, त्यामुळे वादळात वाळलेली झाडे रुळांवर पडण्याची धास्ती वेगळीच. अशा दिवशी गाड्या शिखराच्या अलीकडच्या शीर्के स्थानकापर्यंतच जातात, आणि ते योग्यही आहे. नेरळ-माथेरानची आठवण ठेवली तर हे लगेच उमजेल, फक्त क्रम उलटा: तिथे पावसाळ्यात घाटातला खालचा टप्पा बंद होतो आणि वर अमन लॉजपासूनची शटल चालू राहते, इथे वरचा टप्पा बंद आणि खालचा चालू. मी ज्या ज्या वेळी खरा बर्फ पडलेला बघून मुद्दाम गेलो, त्यांपैकी बऱ्याच वेळा शीर्केच्या फलाटावरूनच परतलो. म्हणजे ज्या हवेसाठी जावे, तीच हवा वरचा मार्ग बंद करते. वर पोचलोच, तर धुक्यात पुढचा डबाही धड दिसला नव्हता. माझे नशीब वाईट असेल, हेही नाकारत नाही.

फिख्टेलबेर्गचा मार्ग क्रान्त्सालपासून ओबरवीझनटालपर्यंत १७.३५ किलोमीटरचा, १८९७ चा, आणि चढाई तुलनेने माफक. डोंगरमाथा गाठण्याचे समाधान इथे नाही. गाडी गावात संपते आणि गाव स्कीवाल्यांनी गजबजलेले असते. पण हा मार्ग बराचसा दरीतून आणि झाडीच्या आडोशाने जातो, त्यामुळे वाऱ्याला इथे तितका वाव मिळत नाही. शिवाय इंजिनांची शेड वरच्या टोकाला आहे. रात्रभर धुगधुगी ठेवलेले इंजिन सकाळी जिथे बर्फ अधिक तिथूनच निघते आणि उतारावर वाट मोकळी करत खाली येते. खालून दमत वर जाऊन बर्फाशी झुंजण्यापेक्षा हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. रूळ बदलण्याच्या सांध्यांमध्ये बर्फ अडकणे किंवा पाण्याच्या नळांना गोठू न देणे ही कटकट दोन्हीकडे सारखीच, पण कमी लांबीच्या मार्गावर ती आवरणे सोपे जात असावे. ओबरवीझनटालच्या अलीकडचा ११० मीटर लांबीचा पूल बर्फात पाहण्यासारखा आहे, आणि तो पाहायला मिळेलच याची खात्री ब्रोकेनच्या माथ्यापेक्षा निश्चितच जास्त.

तेव्हा तारीख लवचीक असेल, निरभ्र थंड दिवसाची वाट पाहता येत असेल, तर ब्रोकेनला जावे; पण भारतातून आलेल्या पाहुण्यांसाठी रजा आणि हॉटेल आधीच ठरवायचे असेल, तर मी फिख्टेलबेर्ग सुचवेन. ज्याला प्रवासापेक्षा बर्फ उडवणारे यंत्रच पाहायचे आहे, त्याचे समाधान मात्र यांपैकी कुठेच व्हायचे नाही. त्याने स्वित्झर्लंडच्या बर्निना मार्गावरचा १९१० चा, फिरत्या पात्यांचा वाफेचा बर्फनांगर पाहावा. विजेवर चालणाऱ्या त्या मार्गावर तो खास दिवशीच बाहेर काढतात, त्यामुळे सहलीची तारीख त्याच्या सोयीने ठरवावी लागेल.